टोरोंटालचा तास

८ ऑक्टोबर १९६२, श्टुटगार्ट

आज प्रोफेसर रीमर यांनी मला एक जिल्हा दिला. तो आता कुठंच नाही.

टोरोंटाल. जुन्या हंगेरीतला जिल्हा. उत्तरेला मारोश नदी, पश्चिमेला टिसा, दक्षिणेला डॅन्यूब आणि मध्ये पोळपाटासारखी सपाट जमीन. पहिल्या महायुद्धानंतर त्याचे तीन तुकडे झाले. सगळ्यांत मोठा युगोस्लाव्हियाकडे गेला, दुसरा रुमानियाकडे, आणि हंगेरीकडे एक कोपरा उरला. प्रोफेसर या मोडलेल्या जिल्ह्याचा इतिहास आणि भूगोल लिहीत आहेत. त्यातल्या ग्रोसरीड गावाचा आणि त्याच्या शिवाराचा नकाशा माझ्या वाट्याला आला. दोनशे वर्षांपूर्वी दलदल आटवून तिथं जर्मन शेतकरी वसवले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी ते हाकलले गेले. वाचलेल्यांपैकी बरेच जण इथं जवळच, त्सुफेनहाउझेनच्या नव्या वसाहतीत राहतात. तिकडची सरकारी दफ्तरं आम्हांला कोणी उघडून देत नाही. “माणसं हेच आपलं दफ्तर,” असं प्रोफेसर म्हणाले.

नकाशा मार्चमध्ये हॅनोव्हरच्या प्रदर्शनात लागायचा आहे. लागला तर शिष्यवृत्ती वाढेल आणि त्याच कामावर माझी डॉक्टरेट होईल. नाही तर एप्रिलमध्ये परतीच्या बोटीत बसायचं.

बाबांना लगेच पत्र टाकलं. बाबा कराडला मोजणी खात्यात साखळी ओढतात. जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या, पण नकाशाखाली सही नेहमी दुसऱ्याची. मी बी.ए. झाले त्या दिवशी शेजारी पेढे वाटताना ते सांगत होते की आता सही आमच्या घरातली असणार. निघताना त्यांनी एकच बजावलं होतं: नकाशात रिकामी जागा ठेवू नकोस, रिकाम्या जागेत कोणीतरी घुसतं.

१६ ऑक्टोबर

हेर वेंडलिंग यांच्याकडे जाऊन आले. योझेफ वेंडलिंग, वय सत्तर, ग्रोसरीडच्या शाळेचे शिक्षक. टोरोंटाल त्यांच्याइतका आज कोणालाच माहीत नाही, असं प्रोफेसर म्हणतात. त्यांचं डोकं आता चालत नाही, हे मात्र प्रोफेसरांनी सांगितलं नव्हतं.

घरात ते आणि त्यांची मुलगी काथी. काथी तेहतीस वर्षांची, लग्न केलेलं नाही. मोटारींच्या कारखान्यात आसनांची कव्हरं शिवते. दुसरी पाळी असल्यामुळे दुपारी जाते ती रात्री परतते. तोवर म्हातारा एकटा. सूप झाकून ठेवायचं आणि दाराला बाहेरून कुलूप. मला ते फार निर्दय वाटलं आणि तसं मी बोलून दाखवलं. काथी म्हणाली, कुलूप नसेल तर ते घरी जायला निघतात. कुठल्या घरी, हे मी विचारलं नाही.

मी मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी येणार म्हटल्यावर तिला बरं वाटलं. निदान दोन दिवस कोणीतरी जवळ असेल, म्हणाली. एक किल्ली तिनं मला दिली.

२६ ऑक्टोबर

चौथी खेप. हाती काही नाही. नदी कुठं होती? “माहीत नाही.” चर्च कुठल्या बाजूला? “माहीत नाही.” मी जुना लष्करी नकाशा समोर पसरला तर त्यांनी त्याच्यावर कप ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसले.

घरी सरहद्दीवर चिनी आत घुसत आहेत आणि मी इथं म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघत बसले आहे. लाज वाटते.

३० ऑक्टोबर

सगळं नीट लिहून ठेवते.

परवा दिनकररावांच्या खोलीवर आम्ही सहा जणांनी लक्ष्मीपूजन केलं. दिनकरराव पुण्याचे, इथं इंजिनांवर संशोधन करतात. रेडिओवरच्या बातम्यांमुळे कोणाला फराळ गोड लागत नव्हता. संरक्षण निधीसाठी मी माझी एक बांगडी दिली. आईनं दिलेली पितळी घंटा पूजेसाठी नेली होती, ती पिशवीत तशीच राहिली.

आज वेंडलिंगांकडे चकलीचा डबा काढायला पिशवीत हात घातला आणि घंटा वाजली. किंचितच. म्हातारा ताठ झाला. उभा राहिला. जाकिटाची बटणं लावली, माझ्याकडे बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “झेट्सेन!” म्हणजे बसा. मी बसले.

मग त्यांनी शिकवलं. वर्गापासून सुरुवात. दार कोणत्या दिशेला, खिडक्या किती. मग शाळेचं अंगण. मग दुतर्फा तुतीची झाडं असलेला रस्ता, तो कुठं जातो, चौकात काय आहे. तिथं जिल्ह्याचा भूगोल असाच शिकवायचे: आधी वर्ग, मग गाव, मग तालुका, आणि शेवटी ‘व्हारमेग्ये’ म्हणजे अख्खा जिल्हा. आमच्या चौथीच्या गुरुजींनीही सातारा जिल्हा असाच घोकून घेतला होता. मला रडू येत होतं आणि पेन्सिल थांबत नव्हती.

शेवटी ते थांबले आणि दाराकडे कान देऊन म्हणाले, “घंटा?” मी आनंदानं घंटा वाजवली. त्यांनी टोपी घातली, काठी घेतली आणि दाराशी गेले. म्हणाले, रेझी जेवायला थांबली असेल. मी त्यांना खुर्चीत बसवायचा प्रयत्न केला, पण ते दाराची मूठ फिरवत राहिले. मला प्रोफेसरांना गाठायचं होतं. मी हळूच बाहेर पडून कुलूप लावलं. थोड्या वेळानं शांत होतील.

२ नोव्हेंबर

काथी कारखान्यात जाण्याआधी माझ्यासाठी थांबली होती.

मंगळवारी ती घरी आली तेव्हा ते दाराशीच उभे होते, टोपीसकट. रेझी कुठं आहे, टोनी कुठं आहे, दार का उघडत नाही, हेच विचारत होते. रेझी ही काथीची आई, टोनी धाकटा भाऊ. १९४४ मध्ये युगोस्लाव सैनिकांनी हेर वेंडलिंगना वेगळं नेलं होतं, आणि काथीसह या तिघांना छावणीत टाकलं होतं. त्या पुढच्या हिवाळ्यात आधी टोनी गेला, मग आई. बाप पाच वर्षांनी सुटून इकडे आला तेव्हा काथीनंच त्याला सांगितलं होतं.

“ते एकदा सांगायचं असतं, फ्रॉइलाइन,” ती म्हणाली. “मंगळवारी मी ते परत सांगितलं. त्यांना पहिल्यांदाच कळलं. तेव्हा रडले होते तसेच रडले.”

तिला हे शिकवणं बंद व्हायला हवं होतं. मी तिचा हात धरून समजावलं. तिकडे आता गावाचं नाव बदललं आहे, चर्च पाडलं आहे. तिच्या वडिलांच्या डोक्यात ग्रोसरीड अजून उभं आहे, आणि ते गेले की तेही जाणार. नकाशावर आलं तर पुसता येणार नाही. मी अगदी मनापासून बोलले. ती बराच वेळ हातमोजे चाळवत राहिली. मग म्हणाली, “त्यांना घरी नेऊ नका. बाकी काय करायचं ते करा.”

मी शब्द दिला.

६ नोव्हेंबर

उपाय सापडला, आणि तो इतका साधा आहे की स्वतःचंच कौतुक वाटलं. सुरुवातीची घंटा द्यायची, शेवटची द्यायची नाही. शाळेत असलेला माणूस घरी निघत नाही. तास संपलाच नाही तर रेझीची आठवणही येणार नाही, आणि काथीला काही सांगावं लागणार नाही.

आज तसंच केलं. गिरणीपर्यंतचा रस्ता झाला. ते शिकवत असतानाच मी उठले, पाय न वाजवता बाहेर आले आणि कुलूप लावलं. जिन्यावरून त्यांचा आवाज ऐकू येत होता. त्या आवाजात चिंता नव्हती, उत्साह होता.

९ नोव्हेंबर

काथी म्हणते, मंगळवारी ते रडले नाहीत. घरचं नावही काढलं नाही. तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले. असं कोणी माझ्याशी या देशात वागलं नव्हतं.

२० नोव्हेंबर

गाव जवळजवळ पूर्ण झालं. रुंद, सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे रस्ते. चौकात चर्च. दक्षिणेला हांफची डबकी. हांफ म्हणजे आपल्या अंबाडीसारखं पीक, त्याचे दांडे पाण्यात कुजवून वाख काढायचे. पलीकडे बेगा कालवा, त्याच्यावरचा लाकडी पूल.

उत्तर चुकलं की ते पट्टी मारतात. लाकडी, धारदार कडेची पट्टी आहे, बोटांवर बसते. आज लोकवस्तीचा पाठ होता. टोरोंटालात कोण राहतं? हंगेरियन, जर्मन, सर्ब, रुमानियन. चौकातलं कापडाचं दुकान कोणाचं, असं मी विचारलं. ज्यूंचं, म्हणाले. पण ते एक्केचाळीस साली गेले. कुठं गेले, असं विचारताच पट्टी बसली, आणि नेहमीपेक्षा जोरात. ते मुलांनी विचारायचं नसतं. मी नकाशावर लिहिलं: दुकान, मालक स्थलांतरित.

बोटं सुजली आहेत. पेन्सिल धरता येते, एवढं पुरे.

२५ नोव्हेंबर

दिनकररावांना नकाशाचा कच्चा कागद दाखवला. त्यांचं नेहमीचं, जर्मन ‘आल्झो’नं म्हणजे ‘तर मग’नं सुरू झालं. “आल्झो, भूगोलबाई, ही जर्मनांची घरं झाली. बाकीचे काय हवेत राहत होते?” मी म्हटलं, माझ्याकडे एवढाच भाग आहे. मग बोटांकडे बघून म्हणाले, बी.ए. होऊनही छड्या खायच्या असतील तर कराडची शाळा काय वाईट होती? सगळे हसले. मीही हसले.

मी त्यांना घंटेची युक्ती सांगितली. मला वाटलं, इंजिनियर माणूस आहे, दाद देईल. त्यांनी कच्चा कागद खाली ठेवला.

“मग त्यांचा तास संपवतं कोण?”

मी म्हटलं, काथी घरी येतेच की.

“तिला माहीत आहे घंटेचं?”

यात सांगण्यासारखं काय आहे? तिला तिच्या वडिलांनी रडायला नको होतं. ते रडत नाहीत. दिनकररावांना दुसऱ्याच्या कामात खोट काढल्याशिवाय चैन पडत नाही.

४ डिसेंबर

थंडी भयंकर. काथीच्या गॅलरीत खुर्चीची गादी वाळत घातली होती, गोठून पाटीसारखी कडक झालेली. सूपही तसंच झाकलेलं होतं. हल्ली जेवत नाहीत, काथी म्हणाली. रात्री ती येते तेव्हा ते टेबलाशी उभेच असतात आणि आवाज बसलेला असतो. ती हाताला धरून त्यांना पलंगावर नेते, तर तिलाच जागेवर बसायला सांगतात. तिला वाटतं, म्हातारपणाची पुढची पायरी.

मला त्यांच्या चिकाटीचं आश्चर्य वाटतं. या वयात, इतके तास! आमच्या गुरुजींची आठवण झाली.

१४ डिसेंबर

प्रोफेसर रीमर आज माझ्या टेबलापाशी आले आणि बराच वेळ नकाशावर वाकून उभे राहिले. मग बोटानं ईशान्येचा कोपरा दाखवला. वीटभट्टीच्या पलीकडे माझा कागद पांढरा आहे. “पांढरा डाग म्हणजे आपली हार, फ्रॉइलाइन सुलेखा,” ते म्हणाले. हॅनोव्हरला डाग घेऊन जायचं नाही.

बाबाही हेच म्हणाले असते.

१८ डिसेंबर

हेर वेंडलिंगना वीटभट्टीपलीकडचं विचारलं. ते म्हणाले, “तिथं घंटेनंतर जायचं.”

पुन्हा विचारलं. पट्टी. तो भाग अभ्यासात नाही, घंटेनंतरचा आहे.

काय करावं? घंटा दिली तर ते घरी निघतील, आणि मी शब्द दिला आहे.

२१ डिसेंबर

नाताळची सुटी लागण्याआधी काथीला गाठलं. तिनं भाजलेल्या बिस्किटांचा डबा दिला, वर लाल फीत. आमचा चकलीचा डबाच तिनं भरून परत केला होता. मी सहज विचारलं की वीटभट्टीच्या मागे काय होतं. ती स्वयंपाकघरात गेली. नळ सोडल्याचा आवाज आला. मग बाहेर येऊन म्हणाली, “काही नव्हतं. पांढरं राहू द्या.”

छावणीत असताना ती लहान होती. तिला गावाबाहेरचं आठवत नसणार.

११ जानेवारी १९६३

नेकार गोठली आहे. मुलं नदीवर घसरगुंड्या खेळतात.

हेर वेंडलिंग आता मधूनमधून शब्द विसरतात, पण घंटा वाजली की उभे राहतात. पायांना सूज आहे. आज तालुक्याच्या सगळ्या गावांचा पाठ झाला, आणि मी मुद्दाम वीटभट्टीजवळचं गाव शेवटी ठेवलं. त्या वाटेनं तरी कोपरा उघडेल असं वाटलं होतं. ते वीटभट्टीपर्यंत आले, थांबले आणि मान कलती करून दाराकडे ऐकत राहिले. किती वेळ ते ऐकत होते. मी थंडीनं कुडकुडत निघाले तेव्हाही ते तसेच उभे होते.

मनात एक क्षण आलं की वाजवून टाकावी. पण मग रात्री काथीला सगळं परत सांगावं लागलं असतं. मी स्वतःला सावरलं.

२९ जानेवारी

खोलीतला कोळसा विझला होता. ते उभेच होते. जाकीट खालून ओलं. मी आले कधी हे त्यांना कळलं नाही, मी बाहेर गेलेच नव्हते असं ते वागले. शुक्रवारचा पाठ जिथं सुटला होता तिथून पुढं. म्हणजे स्मृती शाबूत आहे. हे निरीक्षण प्रबंधात घालता येईल.

कोपरा अजून पांढरा.

८ फेब्रुवारी

दार कोणी उघडलं नाही. किल्लीनं आत गेले, घर रिकामं. शेजारीण म्हणाली, हेर वेंडलिंगना इस्पितळात नेलं, न्यूमोनिया.

थेट तिथं गेले. काथी बाकावर बसली होती. डॉक्टर म्हणाले की आधीच खूप अशक्त झाले होते, लघवी रोखून धरायची सवय लागली होती, मूत्रपिंडं बिघडली आहेत. असं का करावं कोणी, असं डॉक्टरांनी तिला विचारलं होतं. तिनं मला विचारलं, “ते सारखं म्हणतात, घंटा झाली का, घंटा झाली का. कुठली घंटा, फ्रॉइलाइन?”

मी तिला सगळं समजावून सांगितलं. सुरुवातीची घंटा कशी सापडली, आणि शेवटची न देण्याची युक्ती मी कशी तिच्यासाठी काढली. लपवण्यासारखं काही नव्हतं. तास चालू असताना शिक्षक वर्ग सोडत नाही, जेवत नाही, बाहेर जात नाही, त्यामुळे ते घराकडे वळले नाहीत.

नर्सनं येऊन आत बोलावलं तेव्हा काथी उठली, आणि दारातून म्हणाली, “उद्या घेऊन या. वाजवा, आणि त्यांना घरी जाऊ द्या.”

“पण मग रेझी आणि टोनी...”

“आता त्यांना कोणी काही सांगणार नाही.”

९ फेब्रुवारी

घंटा रुमालात गुंडाळून नेली. नकाशाचा कागदही नेला. हे लिहिताना दोन्ही गोष्टी सारख्याच लिहिते आहे, कारण दोन्ही खऱ्या आहेत. मी घंटेसाठी गेले होते. पण प्रदर्शनाला महिना उरला आहे, आणि टोरोंटालातल्या त्या कोपऱ्याबद्दल जगात एकच माणूस सांगू शकत होता.

काथी रात्रभर जागी होती, तिला मी तोंड धुवायला पाठवलं. हेर वेंडलिंगनी डोळे उघडले. ओठ फुटलेले. मला ओळखलं, म्हणजे विद्यार्थी म्हणून ओळखलं.

“घंटा झाली?”

“होईल आता, हेर लेहरर, गुरुजी,” मी म्हटलं. “आधी वीटभट्टीच्या मागचं सांगा.”

“ते घंटेनंतर.”

“आधी सांगा, मग मी वाजवते.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. शिक्षकाला कोणी अटी घालत नाही, हे त्या नजरेत होतं. मग ते हरले. श्वास तोडत तोडत सांगितलं. तिथं गावाचं कुरण. शाळा सुटली की मुलं तिकडेच पळतात. जमिनीत खारीसारखे प्राणी बिळं करून राहतात, मुलं बिळात पाणी ओततात आणि दुसऱ्या तोंडाशी टोपी धरून बसतात. टोनीला सगळ्यांत जास्त मिळतात. पश्चिमेला ओढा, त्याच्यावर विलोची झाडं. उत्तरेला कुंपण नाही. मी विचारलं, कुरण ओढ्यापलीकडेही जातं का? ते थांबले, विचार केला आणि म्हणाले, नाही, ओढ्यापर्यंतच. मी हद्द ओढली, झाडं काढली. विलोची चिन्हं बारीक असतात, घाईत बिघडतात.

पेन्सिल खाली ठेवून रुमाल सोडायला लागले तेव्हा ते दाराकडे बघत होते. बघतच राहिले. नर्स आली, मनगट धरलं आणि माझ्या हातातल्या घंटेकडे पाहून म्हणाली की वॉर्डात आवाज चालत नाही.

काथी आली. तोंडावर पाणी तसंच होतं. तिनं एवढंच विचारलं:

“वाजवलीत?”

“हो,” मी म्हटलं.

त्या क्षणी तेच योग्य होतं. खरं सांगून तिला काय मिळालं असतं?

१३ फेब्रुवारी

दफन झालं. जमीन इतकी गोठलेली की आधी तिच्यावर आग पेटवावी लागली. ग्रोसरीडचे सगळे लोक होते. काथी त्या आगीकडे बघत उभी होती. मी दोनदा जवळ गेले. कारखान्यातल्या बायकांनी तिला घेरलेलं होतं.

दिनकरराव भेटले. मी म्हटलं, म्हातारा शांतपणे गेला. त्यांनी विचारलं, “घंटेनंतर?” मी विषय बदलला. त्यांनी बदलू दिला.

२५ फेब्रुवारी

नकाशा पूर्ण. शाई वाळली, रंग भरले. कुरणाला फिकट हिरवा दिला, सगळ्या कागदात तोच रंग डोळ्यांना सुखावतो. खाली उजवीकडे माझं नाव. प्रोफेसर रीमर यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि हात मिळवला. शिष्यवृत्तीच्या शिफारशीवर त्यांची सही झाली. म्हणाले, टोरोंटालचा एक तुकडा आपण परत मिळवला.

बाबांना एक प्रत पाठवणार आहे. ते अक्षरं वाचणार नाहीत, हद्दी वाचतील. एकही रिकामी जागा नाही.

१ मार्च

आज काथी इन्स्टिट्यूटमध्ये आली.

उद्या नकाशा हॅनोव्हरला जायचा म्हणून टेबलावर पसरलेला होता, गुंडाळी होऊ नये म्हणून चार कोपऱ्यांना वजनं. एकावर घंटा. मला मनापासून आनंद झाला. तिला खुर्ची दिली, ती बसली नाही. मी तिला शाळा दाखवली, तुतींचा रस्ता दाखवला, त्यांचं घर दाखवलं. तिनं घरावर बोट ठेवलं आणि ते बोट हळूहळू रस्त्यानं पुढं नेलं, चौक, गिरणी, वीटभट्टी, तिथून हिरव्या कोपऱ्यापर्यंत. तिथं ते थांबलं.

“हे काय?”

“कुरण,” मी म्हटलं. “तुमच्या वडिलांनी सांगितलं. अगदी शेवटी.”

“बाबा तेव्हा तिथं नव्हते.” ती माझ्याशी बोलत होती की कागदाशी, कळलं नाही. “गावाचीच छावणी केली होती, मेलेल्यांना तिथं पुरायचे. टोनीला मी एकटीनं नेलं. आईच्या वेळी एक म्हातारी मदतीला होती. जमीन अशीच गोठलेली. मला खोल खणता आलं नाही.”

मी सुन्न झाले. इतके महिने मी त्या घरात जात होते आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माझा नकाशा चुकीचा होता. उद्या तो चुकीचाच शेकडो लोकांसमोर लागला असता, आणि रेझी आणि टोनी यांची जागा जगातून कायमची गेली असती. एवढं तरी मी त्या कुटुंबासाठी करायलाच हवं होतं. मी पेन्सिल घेतली, तिला टोक केलं आणि शक्य तितक्या हळुवारपणे विचारलं:

“ओढ्याच्या बाजूला, की वीटभट्टीच्या?”

काथी माझ्याकडे बघत राहिली. तिच्या वडिलांची इस्पितळातली ती नजर मी ओळखली, पण या नजरेत रागही नव्हता. मग तिनं नकाशावरची घंटा उचलली. कोपरा सुटून वर वळला. तिनं घंटा एकदाच वाजवली, नीट, पूर्ण, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशी. बाजूच्या खोल्यांतून माणसं डोकावली. तिनं घंटा टेबलावर ठेवली, हातमोजे चढवले आणि निघून गेली. मी जिन्यापर्यंत मागे गेले. ती वळली नाही.

उत्तर मिळालं नाही. कोपरा पुन्हा पांढरा करावा की हिरवाच ठेवावा, हे उद्या सकाळी गाडीच्या आधी प्रोफेसरांना विचारायला हवं.